एकाशेजारी एकच

पेशी विभागण्यापूर्वी तिच्यातल्या दोन सेन्ट्रिओलांपैकी, म्हणजे विभाजनाची ध्रुवे उभारायला मदत करणाऱ्या नळीसारख्या रचनांपैकी, प्रत्येकाशेजारी एकच नवा सेन्ट्रिओल उभा राहतो. ही संख्या वाढली तर गुणसूत्रांची वाटणी बिघडू शकते. अशा बिघाडाचा संबंध थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ मध्येच कर्करोगाशी जोडला होता. मग पेशीत ही मोजदाद ठेवतो कोण? माझ्या मते मोजणारा वेगळा कुणी नाही, संख्येचे बंधन प्रथिनांच्या घडणीतच आहे. पीएलके-४ हे प्रथिन पाहा. त्याचे रेणू जोडीने राहतात आणि जोडीतला एक दुसऱ्यावर फॉस्फेट चढवतो. ती खूण पटली की पेशीची विल्हेवाट यंत्रणा त्या रेणूचा फडशा पाडते. म्हणजे पीएलके-४ जितके जोमाने काम करील तितके लवकर संपेल! सुरुवातीला ते जुन्या सेन्ट्रिओलभोवती कड्यासारखे पसरलेले असते, पुढे एकाच ठिपक्यापुरते उरते. तिथेच ते स्टिल या प्रथिनावर फॉस्फेट चढवते आणि मग स्टिल नव्या सेन्ट्रिओलचा सांगाडा घडवणाऱ्या सास-६ या प्रथिनाला धरून ठेवते. प्रयोगात पीएलके-४ वाढवले की एका सेन्ट्रिओलभोवती अनेक नवे उगवतात.

सास-६ची रचना २०११ मध्ये उलगडली. दोन रेणूंच्या शेपट्या एकमेकींत पिळलेल्या, डोकी शेजारच्या जोडीला ठराविक कोनात भिडणारी. अशा नऊ जोड्यांनी गाडीच्या चाकासारखे आरे असलेले कडे पुरे होते. डोक्यांची ही पकड सैल असते, आणि मला ती उणीव वाटत नाही. पकड घट्ट असती तर पेशीत कुठेही कडी तयार झाली असती. आता प्रथिन दाटीने जमेल तिथेच ती बनण्याची शक्यता जास्त. यावर रास्त आक्षेप असा की परीक्षानळीत आठ किंवा दहा आऱ्यांची कडीही बनतात, म्हणजे नऊचा आकडा एकट्या सास-६चा नव्हे. हे मान्यच करायला हवे. भोवतालच्या सूक्ष्मनलिकाही तो आकडा सावरतात. पण क्लॅमिडोमोनस शैवालात सास-६ नसले की बहुतेक सेन्ट्रिओल धड बनत नाहीत आणि बनलेल्यांत सात, आठ, दहा, अकरा असे आकडे दिसू लागतात.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: सेन्ट्रिओलांवाचूनही पेशी विभागतातच ना? फळमाशी त्यांच्याविना प्रौढ होते, हे २००६ मध्ये दिसले; मात्र संवेदी चेतापेशींना पक्ष्माभिका (सेन्ट्रिओलापासून उगवणारे केसासारखे तंतू) नसल्याने ती लवकरच मरते. माणसाच्या निरोगी पेशींतले सेन्ट्रिओल पीएलके-४ रोखून नाहीसे केले, तर पी-५३ प्रथिन विभाजन थांबवते. अनेक कर्करोगपेशी मात्र विभागत राहतात. त्यामुळे पीएलके-४ रोखणे हा कर्करोगावरचा सरसकट उपाय ठरणार नाही. पण ट्रिम-३७ प्रथिन अतिरिक्त असलेल्या स्तनकर्करोगाच्या पेशी सेन्ट्रिओल गेल्यावर तग धरत नाहीत, असे २०२० मध्ये आढळले. सेन्ट्रिओल नसताना विभाजनाची ध्रुवे उभारणारी सामग्रीच ट्रिम-३७ नष्ट करते.