कोंबड्यांचे आंबोण

दुभत्या जनावराला आंबोण घालण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. पेंड आणि चुणी वेळेवर भिजत घालावी व धारेच्या वेळी ती गाईपुढे ठेवावी, हे शेतकऱ्याच्या घरी पोराटोरांनाही शिकवावे लागत नाही. कोंबडीला मात्र हा मान कधी मिळाला नाही. अंगणात सांडलेले दाणे आणि उकिरड्यावरचे किडे यांवर तिने पोट भरावे आणि वर अंडीही द्यावीत, अशी आपली तिच्याकडून अपेक्षा! परंतु ज्यांच्या परसात उकिरडा नाही, त्यांना खाद्य विकत आणावे लागते आणि अंड्यांचे उत्पन्न बहुतांशी त्या खर्चातच जिरते. अशा कुटुंबांना हल्ली एक सल्ला वारंवार ऐकावयास मिळतो, की कोंबड्यांचे धान्य घरी आंबवून घाला. हा सल्ला खोटा नाही. परंतु तो ज्या उत्साहाने दिला जातो तितका सरळही नाही.

आंबवण्याने होते काय, हे प्रथम पाहू. धान्याच्या कोंड्यावर दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू जात्याच असतात. धान्य पाण्यात बुडवून ठेवले, की ते वाढीस लागतात आणि पाणी आंबट होऊ लागते. इडलीचे पीठ फुगते किंवा नाचणीची आंबील आंबते, तोच हा व्यापार. पाणी पुरेसे आंबट झाले, म्हणजे आम्लतेचा अंक चारच्या आसपास उतरला, की साल्मोनेलासारख्या रोगजंतूंना त्यात तग धरणे कठीण जाते. आंबवलेल्या खाद्यावर वाढलेल्या कोंबड्यांना साल्मोनेलाची लागण कमी होते, असे नेदरलँड्समधील प्रयोगांत दिसून आले आहे.

दुसरा लाभ असा, की धान्यातील सुमारे दोनतृतीयांश स्फुरद फायटिक आम्लाच्या रूपात कुलूपबंद असते आणि कोंबडीच्या पोटात त्या कुलपाची किल्ली जवळजवळ नसतेच. ही किल्ली, म्हणजे फायटेज नावाचे पाचकद्रव्य, गव्हाच्या कोंड्यात भरपूर असते; मक्यात आणि ज्वारीत फार थोडे. म्हणून नुसता मका भिजत घालण्यापेक्षा त्यात दोन मुठी गव्हाचा कोंडा टाकावा. सौम्य आम्ल पाण्यात हे द्रव्य कामाला लागते आणि स्फुरदाबरोबर जस्त व लोह यांचीही काही अंशी सुटका होते.

आता कृती. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला सुमारे एकशे दहा ते एकशे वीस ग्रॅम कोरडे खाद्य लागते. म्हणजे दहा कोंबड्यांना सव्वा किलोच्या आत-बाहेर. त्यातील सातआठशे ग्रॅम धान्याची भरड असते. तेवढीच आंबवावी. भांडे चिनी मातीचे, काचेचे किंवा खाण्याचे पदार्थ ठेवण्याजोग्या प्लास्टिकचे असावे. पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे गृहिणींना सांगावयास नको. तोच नियम येथे लागू आहे. भरडीवर चांगले दोन-तीन बोटे पाणी राहील इतके पाणी घालावे, कारण दाणा फुगून वर येतो आणि जो दाणा पाण्याबाहेर राहिला तो बुरशीचा झाला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. ते पाणी रात्रभर उघडे ठेवून मग वापरावे. तोंडाला दादरा बांधावा आणि दिवसातून दोनदा ढवळावे. मीठ मुळीच घालू नये. लोणच्याच्या सवयीने हात मिठाकडे जातो, पण कोंबडीला जास्त मीठ बाधते.

किती वेळ ठेवावे, याला घड्याळाचे उत्तर नाही. नागपूरच्या वैशाखात एक रात्र पुरते, तर दिल्लीच्या पौषात तीन दिवस वाट पाहावी लागते. खरा निकाल नाक देते. वास ताकासारखा, आंबूस आणि स्वच्छ आला पाहिजे. पृष्ठभागावर पांढरी पातळ साय धरली तर ती बहुधा किण्वाची असते. ती काढून टाकली की भागते. मात्र हिरवी, काळी किंवा गुलाबी लव दिसली, अथवा कुबट, सडका वास आला, तर सगळे भांडे खड्ड्यात रिकामे करावे. वरचे काढून खालचे घालू नये. भांडे चांगले उतरले असेल, तर धान्य झाऱ्याने काढून घेऊन उरलेल्या आंबट पाण्यातले थोडे पुढल्या खेपेला विरजण म्हणून ठेवावे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून काम लवकर होते आणि बिघाडही कमी होतो.

येथे मला एका गैरसमजाविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. आंबवल्याने धान्य शुद्ध होते, अशी समजूत पुष्कळांची असते. मीही तिला बळी पडलो आहे. एके वर्षी पावसात भिजलेली, कडांना काळसर पडलेली शेंगदाण्याची पेंड स्वस्तात मिळाली, ती मी आनंदाने घेतली आणि आंबट पाण्यात दोन दिवस मुरवून कोंबड्यांना घातली. वास उत्तम आला, कोंबड्यांनी ती आवडीने खाल्ली. तीन आठवड्यांत अंडी निम्म्यावर आली, तुरे फिकुटले, आणि पुढे दोन तलंगा गेल्या. रोगाची साथ म्हणून मी औषधे शोधीत बसलो. पेंडीकडे बोट दाखविले ते पशुवैद्यांनी.

१९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी असेच अकस्मात मेले होते. शोध घेता घेता तो माग भुईमुगाच्या पेंडीवरील बुरशीपाशी पोहोचला आणि तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. हे विष माणसालाही सोडत नाही. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमाभागात बुरसलेला मका खाऊन शंभरांवर माणसे काविळीने दगावली. आम्लाने नवी बुरशी वाढावयाची थांबते हे खरे. पण धान्यात आधीच उतरलेले विष घरगुती आंबवणीने निश्चितपणे नाहीसे होते, असा भरवसा कोणी देऊ शकत नाही. परतीच्या पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी कोंबड्यांसाठी म्हणून स्वस्त विकली जाते, तिच्याबाबतही हेच लक्षात ठेवावे. जे धान्य कोरडे असताना घालावयास आपण धजणार नाही, ते आंबवूनही घालू नये.

आणखी एक चूक सर्रास होते ती म्हणजे बाजारचे तयार खाद्य संपूर्ण भिजत घालण्याची. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात चुनखडी मिसळलेली असते आणि चुना आम्लाला मारतो; त्यामुळे ते भांडे धड आंबत नाही आणि नासण्याची भीती वाढते. शिवाय त्यात वेगळे घातलेले लायसिन जिवाणूच फस्त करतात. म्हणजे पैसे आपले आणि मेजवानी त्यांची. तेव्हा धान्य आंबवावे, पेंड व खनिज मिश्रण घालतेवेळी कालवावे, आणि शिंपल्यांचा चुरा व बारीक खडी वेगळ्या भांड्यात ठेवावी.

याने खर्च निम्म्यावर येतो असे कोणी म्हटले तर त्यावर विश्वास ठेवू नये. आंबवण्याने नवी प्रथिने निर्माण होत नाहीत. उलट थोडे सत्त्व जिवाणूही खातात. बचत होते ती मुख्यतः ओले खाद्य उधळले जात नाही यामुळे. डेन्मार्कमधून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आंबवलेल्या खाद्यावरील कोंबड्यांची अंडी काही आठवडे वजनाला अधिक भरली आणि कवचही टणक निघाले. पण त्याच कोंबड्या अधिक भांडल्या आणि त्यांची पिसे अधिक विस्कटली, अशीही नोंद तेथे आहे. ओल्या खाद्यावर सगळ्या एकदमच तुटून पडतात, हे आपणही परसात पाहतो. म्हणून ते एकाच परातीत न घालता तीन-चार ठिकाणी वाटून घालावे, म्हणजे दुबळ्या कोंबडीलाही चोच घालता येते.

अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढेच वाढावे आणि उरलेले उचलून भांडी धुवावीत. दुपारच्या उन्हात पडून राहिलेल्या खाद्यावर माश्या बसतात आणि त्यात नको ते जंतू शिरतात. प्रारंभी काही कोंबड्या या नव्या पदार्थाकडे मान वाकडी करून पाहतात व निघून जातात. त्यांना उपाशी ठेवून हट्ट मोडण्याचे कारण नाही. कोरड्या खाद्यात रोज मूठमूठ वाढवीत आठदहा दिवसांत अर्ध्यापर्यंत जावे. तलंगांना अंड्यावर येण्यापूर्वीच ही सवय लावलेली बरी. ऐन अंड्यांच्या भरात खाद्य बदलले, की कोंबडी कमी खाते आणि अंडी घटतात.