फुकटच्या जेवणाचे बिल

'देअर इज नो सच थिंग अॅज अ फ्री लंच' हे इंग्रजी वचन आमच्या स्टाफरूममध्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकू येते. परवा मोफत धान्याची बातमी वाचून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते पुन्हा उच्चारले आणि 'लोकांना ऐतखाऊ करून ठेवले आहे' अशी पुस्तीही जोडली. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून माझी मान डोलावी, अशी त्यांची अपेक्षा होती. ती डोलली नाही.

या वचनामागे आहेत एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचे दारूचे गुत्ते. एक पेला विकत घ्या आणि हवे तेवढे खा, अशी तेथील रीत. १८८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेलेल्या रडयार्ड किपलिंगनेही तिची नोंद केली आहे. पदार्थ बहुधा खारट. तहान वाढे आणि दुसरा पेला मागवावा लागे. जेवणाची किंमत अशी दारूच्या बिलात दडलेली असे. एका पेल्यावर पोटभर जेवून उठणाऱ्याचा खर्च चार पेले रिचवणारा उचलीत असे, हेही खरे. आपल्याकडे याला आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात. येथे रोख देणाऱ्याच्या चलाखीवर आहे, घेणाऱ्याच्या आळसावर नव्हे. पुढे १९७५ मध्ये मिल्टन फ्रीडमन यांनी हेच वचन आपल्या पुस्तकाला शीर्षक म्हणून दिले आणि ते अर्थशास्त्रज्ञांच्या तोंडी अधिकच रुळले.

वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच, की प्रत्येक गोष्टीची किंमत कोणीतरी, कोणत्या तरी रूपाने मोजतो. ती मोजूच नये, असे हे वचन सांगत नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालील तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून तो विनामूल्य झाला. त्याचा भार करदात्यावर पडतो, हे मान्य. परंतु करदाते म्हणजे केवळ आयकर भरणारे आम्ही प्राध्यापक काय? रेशनच्या रांगेतील बाई साबण, चप्पल घेताना वस्तू व सेवा कर भरतेच. शिवाय रांगेत दिवस गेला, तर त्या दिवसाची मजुरी बुडते ती निराळीच. यालाच आम्ही वर्गात वैकल्पिक परिव्यय म्हणतो आणि फळ्यावर आकृती काढून शिकवतो. योजनेच्या इष्टानिष्टतेवर वाद अवश्य व्हावा. मात्र या एका वाक्याने तो मिटत नाही.

असो. गेल्या महिन्यात एका चर्चासत्राला आम्ही दोघेही होतो. दुपारी श्रीखंड-पुरीचा बेत होता, अर्थात अनुदानातून. त्या पंगतीत हे वचन कोणालाच आठवले नाही, मलाही नाही.