छतावरच्या डागाचा पत्ता

आटपाडीत ऐन एप्रिलमध्ये छताला ओल फुटली, तर वळवाचा एखादा फटका सोडता ती पावसाची नव्हे, हे छातीठोकपणे सांगता येते. आटपाडी ज्या माणदेशात येते तो पर्जन्यछायेतला मुलूख. इथे पाण्यासाठी 1993 पासून पाणी परिषदा भरल्या, टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून वर चढवले. अशा गावात वरच्या मजल्याच्या मोरीतले पाणी खालच्या घरात पुन्हा पुन्हा उतरू लागले की राग येणारच. पण ते कोणत्या वाटेने उतरते हे कळले, की माणूस थक्क होतो.

स्लॅब दिसायला टणक, पण आतून तो सूक्ष्म पोकळ्यांनी भरलेला असतो. 50 किलोचे सिमेंटचे पोते घट्ट होताना साधारण 12 लिटर पाणी रासायनिक क्रियेत कायमचे बांधून ठेवते. कालवताना मात्र 25 लिटर किंवा त्याहून जास्त घातले जाते, कारण माल सळयांच्या जाळीत नीट उतरायला हवा. जास्तीच्या पाण्यातले बरेचसे पुढे उडून जाते आणि त्याच्या जागा रिकाम्या राहतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या, एकमेकींना जोडलेल्या या वाटांतून पाणी ओढले जाते. 1 मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी आपोआप सुमारे 3 सेंटिमीटर चढते. नळी शंभर पट बारीक केली, तर तेच पाणी 3 मीटरपर्यंत चढू शकते! गुरुत्वाकर्षणाला न जुमानणाऱ्या या पाण्याला आडवे जायला कसली अडचण? म्हणून मोरी एका कोपऱ्यात आणि डाग भलत्याच खोलीत, असे सर्रास होते.

जागेसारखाच वेळेचाही पत्ता लागत नाही. मोरी-संडासाखालचा स्लॅब बऱ्याचदा खाली सोडलेला असतो. पाइप झाकण्यासाठी त्यात विटांचे तुकडे भरतात, वर कोबा आणि फरशी. फरशीच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी या भरावात साठते आणि मग सावकाश, कित्येक दिवस खाली पाझरत राहते. "वहिनी, आम्ही चार दिवस गावाला होतो, नळसुद्धा बंद होता, तरी तुमचं छत गळतंच की!" असे वरच्या बाई म्हणतात तेव्हा त्या शंभर टक्के खरे बोलत असतात. खालच्या वहिनींचा ओला गिलावाही खराच. निम्मी भांडणे मला वाटते इथेच पेटतात: दोघीही खऱ्या, पण पाण्याचे वेळापत्रक कुणालाच ठाऊक नाही.

आटपाडीच्या कोरड्या हवेत आणखी एक गंमत घडते. पाझर मंद असेल तर थेंब तयार होण्याआधीच पाणी उडून जाते आणि मागे राहतो पांढरा खार. सिमेंटमधला चुना पाण्यात विरघळून बाहेर आला की हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला भेटतो आणि त्याचा चुनखडीचा थर होतो. पाणी ठिबकत राहिले तर छताला चक्क लवणस्तंभ लोंबू लागतात. गुहेत असे स्तंभ बनताना पाण्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. स्लॅबखाली तो हवेतून पाण्यात शिरतो. क्रिया उलटी, दगड तोच. पण स्लॅबखालचे स्तंभ गुहेतल्यापेक्षा शेकडो पट वेगाने वाढू शकतात.

जुन्या माळवदावरची चिकणमाती भिजली की फुगते आणि भेगा बुजवते. काँक्रीटही थोड्या प्रमाणात तसे करते. केसाएवढ्या बारीक भेगेत पाणी शिरले, की न भिजलेले सिमेंटचे कण जागे होतात, चुनखडीही साचते आणि भेग आपोआप मिटू शकते. त्यापेक्षा रुंद भेगेपुढे मात्र ही विद्या चालत नाही. शिवाय चुना वाहून गेला की सळईचे संरक्षण जाते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो आणि आतूनच गिलावा, काँक्रीट उडवून लावतो. म्हणून पोपडे खरवडून खालून पुट्टी आणि रंग मारणे हा वेळेचा आणि पैशाचा अपव्यय. पाणी वर तसेच राहते आणि चार हात सरकून दुसरीकडे उगवते.

त्यापेक्षा डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारावी आणि शेजारी तारीख लिहावी. वापर नसतानाही डाग रात्रंदिवस वाढत असेल तर दाबाखालच्या नळाचा संशय घ्यावा. टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून फरक पडतो का पाहावे. अंघोळी-धुण्यांनंतर काही वेळाने वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा फरशी. वरच्यांना विनंती करून नहाणी ट्रॅप बुजवावा, फरशीवर बोटभर रंगीत पाणी 24 तास ठेवावे. भराव भरलेला असेल तर उत्तर आणखी काही दिवसांनी येते. घाई करून "नाही गळत" असा निकाल देऊ नये.

खर्चाचे म्हणाल तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास, सिंक यांची आतली गळती त्या सदनिकाधारकाने दुरुस्त करायची. पावसाची आणि सामाईक बाहेरच्या पाइपची संस्थेने. रेरा लागू असलेल्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामाचा दोष कळवला, तर विकासकाने 30 दिवसांत तो फुकट दुरुस्त करावा लागतो.

दुरुस्ती वरून झाली तरी लगेच रंगाऱ्याला बोलावू नका. स्लॅब आठवडेच्या आठवडे वाळत असतो. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने छताला घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतल्या बाजूला दव दिसले तर अजून थांबायचे.