गुलाब करपतो, गीझर वाचतो

सकाळी साडेसहा. मे महिना. हिंजवडीच्या माण रस्त्यावर टँकरची रांग. आयटी पार्कची गर्दी सुरू व्हायच्या आत ते सोसायट्यांत रिकामे व्हायला हवेत. बागेच्या वाट्याला मात्र एसटीपीचंच, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतलंच पाणी.

सात. माळीमामांची हाक, "साहेब, गुलाब परत करपला." जुन्या पानांच्या कडा तपकिरी, देठाजवळ अजून हिरवं. मामांनी काल दुप्पट पाणी सोडलंय. माती ओली आणि झाड तहानलेलं! मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना ते ओढणं जड जातं. वाढ खुंटते ती तेव्हाच. कडा करपतात नंतर. पानातलं पाणी उडून जातं, सोडियम-क्लोराइड मागं साचत राहतात.

साडेआठ. बागेच्या नळाच्या पाण्यात ईसी मीटर बुडवला. ईसी म्हणजे विद्युतवाहकता; क्षार जास्त तितका आकडा मोठा. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या निकषाप्रमाणे मीटरला 0.7 डेसिसीमेन्सच्या आतलं पाणी बिनघोर द्यावं, 3 च्या वरचं फार जपून. आमचा आकडा दोनच्या पुढं.

साडेनऊ, पंपरूम. दुखणं इथं आहे. बोअरचं पाणी जड, गीझरमध्ये थर साचतो, म्हणून सॉफ्टनर बसवलाय. त्यातलं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. क्षार कमी होत नाहीत, नुसते बदलतात. रेझिन ताजं करायला मिठाच्या गोण्या ओततात, आणि ते खारं पाणी आमच्याकडं जातं थेट एसटीपीत. एसटीपी मैला काढतो, विरघळलेलं मीठ नाही. गीझर वाचला, गुलाब मेला.

दुपारपर्यंत छाटणी, जेवण.

तीन. वाफ्यात पहार घातली. वर पांढरा थर, खाली घट्ट चिकणमाती, निचरा शून्य. मी शिरोळकडचा, क्षारपड जमीन लांबून ओळखतो. तिकडं उसाला पाटानं भरमसाट पाणी पाजून रानं गेली. कापूस मातीच्या अर्काची ईसी 7.7 होईपर्यंत तग धरतो, ऊस 1.7 च्या पुढंच घटायला लागतो. तिकडं आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून रानं सुधारतात.

साडेचार. बागसमितीचे काका म्हणाले, "जिप्सम टाकून मोकळे होऊ या की!" जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकावतं, खरंय. पण हुसकावलेला सोडियम धुऊन बाहेर जायला वाट लागते. म्हणून आधी चर आणि पाइप, मग जिप्सम, मग जूनचा पाऊस. पावसाइतकं गोडं पाणी हिंजवडीत विकत मिळायचं नाही.

सहा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आरओचं टाकाऊ पाणी तुळशीला घालत होत्या. "वाया का घालवायचं रे?" आजी, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. त्यानं फरशी पुसा, तुळशीला नको.

गुलाबाच्या जागी बोगनवेल आणि कण्हेर लावायचं ठरलं. दोन्ही खाऱ्याला दाद देत नाहीत. तुमच्या सोसायटीत सॉफ्टनर असेल, तर त्याच्या मिठाच्या पाण्याचा पाइप कुठं सोडलाय ते या रविवारी पंपरूममध्ये जाऊन बघाच.