ठळक केलं म्हणजे हेडिंग झालं?

राजगडचा ट्रेक झाला. फोटो भारी आलेत, म्हणून तुम्ही ब्लॉग लिहायला बसता. वाटा, दरवाजे, माच्या, परतीची एसटी... हजारभर शब्द सहज होतात. मधली शीर्षकं तुम्ही बोल्ड करता, फाँट वाढवता, एखादं लाल रंगवता आणि टाकता पब्लिश करून! आठवड्याने गूगलवर शोधता, तर आपलं पान कुठेच नाही. याची कारणं बरीच असू शकतात. पण एक गोष्ट आपल्या हातातली आहे, तीही फुकट. ती म्हणजे हेडिंग टॅग.

मोठा, लाल फाँट पाहिला की तुम्हाला-आम्हाला कळतं, हे शीर्षक आहे. मशीनला मात्र ते स्पष्ट सांगावं लागतं. त्यासाठी एचटीएमएलमध्ये शीर्षकांच्या सहा पातळ्या आहेत, एच-१ ते एच-६. एच-१ म्हणजे पुस्तकाचं नाव, एच-२ म्हणजे प्रकरण आणि एच-३ म्हणजे प्रकरणातला एखादा भाग. प्रोजेक्ट रिपोर्ट करताना वर्डमध्ये ‘हेडिंग’ची स्टाइल वापरली, तर अनुक्रमणिका एका क्लिकवर तयार होते ना? हेही तसंच.

गड एकच, वाटा दोन

आता आपला ब्लॉग पुन्हा मांडू. एच-१: ‘राजगड ट्रेक: एका दिवसात कसा कराल?’ एच-२: ‘पुण्याहून कसं जायचं?’ पुढचं एच-२: ‘गडावर जायच्या वाटा’. त्याखाली दोन एच-३: ‘गुंजवणेमार्गे चोर दरवाजा’ आणि ‘पाली दरवाज्याची पायऱ्यांची वाट’. मग पुन्हा एच-२: ‘सोबत काय न्यायचं?’

याऐवजी ‘आमची धमाल’ आणि ‘आणि मग काय झालं...’ अशी शीर्षकं दिलीत, तर मित्र हसतील. पण आईबाबांना घेऊन जायला सोपी वाट कोणती, हे शोधणाऱ्याला त्यातून काय कळणार? लोक ज्या शब्दांत प्रश्न विचारतात, ते शब्द शीर्षकात असू द्या. मात्र प्रत्येक शीर्षकात ‘राजगड ट्रेक, बेस्ट राजगड ट्रेक’ असा मारा नको. अशी शब्दांची खोगीरभरती गूगल स्पॅममध्ये धरतं.

वर्डप्रेस वापरत असाल तर काम सोपं आहे. पोस्टचं नाव बहुतेक थीममध्ये आपोआप एच-१ होतं. मधल्या शीर्षकांसाठी बोल्डचं बटण सोडून ‘हेडिंग’ ब्लॉक घ्या आणि पातळी निवडा. अक्षरं लहान-मोठी हवीत म्हणून पातळी बदलू नका, ते काम सीएसएसचं.

गूगलपलीकडचा वाचक

एच-२ नंतर थेट एच-४ दिलं तर रँकिंग कोसळेल का? नाही. शीर्षकांचा क्रम चुकला म्हणून सर्चमध्ये फरक पडत नाही, असं गूगलचं मार्गदर्शकच सांगतं. मग एवढा खटाटोप कशाला?

तुमच्या वर्गातल्या दृष्टिहीन मित्रासाठी. तो स्क्रीन रीडरवर पान ऐकतो. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये ‘एच’ हे बटण दाबलं, की थेट पुढच्या हेडिंगवर उडी मारता येते; ‘२’ दाबलं की पुढच्या एच-२ वर. आपण नजर फिरवून पान चाळतो, तसा तो या बटणांनी चाळतो. तुम्ही नुसतं बोल्ड केलं असेल, तर त्याने कितीही वेळा ‘एच’ दाबलं तरी त्या शीर्षकापर्यंत पोहोचता येत नाही. परतीच्या एसटीची वेळ हवी असेल, तरी हजार शब्द पहिल्यापासून ऐकत बसायचं! कॉलेज फेस्टच्या पानावर नावनोंदणीची शेवटची तारीख अशीच दडली असेल, तर स्पर्धा त्याच्या हातून जाऊही शकते.

म्हणून पब्लिश करण्याआधी एक करा. फक्त शीर्षकं ओळीने वाचा. मधला मजकूर न वाचताही पानावर काय कुठे आहे, हे कळलं पाहिजे. कळत नसेल, तर अजून पाच मिनिटं द्या. गूगलचं काम त्यानं सोपं होईलच, पण तुमच्या मित्रालाही आपली वाट आपण शोधता येईल.