हिवाळ्यातील गळ आणि सँटी-कूपरची सरोवरे

मासे धरण्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे पावसाळा उभा राहतो. पहिल्या पुराबरोबर ओढ्यानाल्यांतून चढणारे मासे आणि बांधाच्या तोंडाशी जाळे लावून गुडघाभर पाण्यात उभी राहिलेली मंडळी हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत, पहाटेच्या धुक्यात, कोणी नाव घेऊन तळ्यावर मासे धरावयास निघाला, तर आपल्याकडील लोक त्यास वेडा म्हणतील. परंतु अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने गळाच्या शौकिनांचे आवडते महिने होत. ह्या आवडीच्या मुळाशी केवळ हौस नाही. पाण्याचे गुणधर्म आणि माशांचा स्वभाव ह्यांचा एक सुंदर मेळ तेथे आहे. तोच येथे थोडक्यात उलगडून सांगण्याचा आमचा विचार आहे. उदाहरणादाखल आम्ही दक्षिण कॅरोलायना राज्यातील सँटी-कूपरची जोडसरोवरे घेतली आहेत, कारण ज्या दोन माशांविषयी लिहावयाचे आहे त्यांपैकी एकाचा इतिहासच तेथे घडला.

ही सरोवरे नैसर्गिक नव्हेत. सँटी नदी अडवून तिचे पाणी कूपर नदीकडे वळवावे व त्यातून वीज निर्माण करावी, अशी योजना आखून १९३९ साली कामास प्रारंभ झाला आणि १९४२ साली वीज वाहू लागली. त्यातून मॅरियन आणि मोल्ट्री अशी दोन सरोवरे झाली व ती एका कालव्याने जोडली गेली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील दोन सेनानींची ही नावे होत. वरचे मॅरियन सरोवर सुमारे १,१०,००० एकरांचे, तर खालचे मोल्ट्री सुमारे ६०,००० एकरांचे. एवढे पाणी साठवावयाचे म्हणजे कोणाची तरी घरेदारे बुडावयाचीच. येथेही सुमारे ९०० कुटुंबांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. धरणांचा हा भाग आपल्या देशातील वाचकांस निराळा समजावून सांगावयास नको.

पाणी भरण्यापूर्वी बुडीत क्षेत्रातील जंगल तोडून साफ करावयाचे होते. परंतु दुसरे महायुद्ध अमेरिकेच्या दाराशी आले, विजेची निकड वाढली आणि मॅरियन सरोवराच्या वरच्या भागातील तोड अर्धवटच राहिली. हजारो झाडे उभीच्या उभी पाण्यात गेली. त्यांचे वठलेले बुंधे आजही त्या सरोवरातून वर डोकावतात. नावाड्यांना ती मोठी अडचण वाटते, परंतु माशांच्या एका जातीला ह्या अर्धवट कामाने जन्माचे घर मिळवून दिले. ती जात म्हणजे क्रॅपी. तिच्याकडे पुढे येऊ.

पहिला मासा पट्टेरी बास. रुपेरी अंग, आणि कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या सात-आठ काळ्या रेघा, जणू कोणी पट्टीने आखल्या आहेत. हा मूळचा अटलांटिक किनाऱ्यावरचा. समुद्रात वाढावयाचे आणि वसंतात अंडी घालण्यासाठी नद्यांतून वर चढावयाचे, हा त्याचा क्रम. नर्मदेच्या मुखातून भडोचकडे चढणारा हिलसा बडोद्याच्या वाचकांस परिचित आहे, तसाच हा प्रवास. हिलशाच्या वाटेत धरण आले म्हणजे काय होते हे आपण गंगेवर पाहिले. १९७५ साली फराक्का येथील बांध सुरू झाला आणि पूर्वी अलाहाबादपर्यंत पोहोचणारा हिलसा खालीच अडला. सँटीवर मात्र निराळाच प्रकार घडला. १९४१ साली धरणाची दारे बंद झाली तेव्हा काही पट्टेरी बास वरच्या अंगास अडकून पडले. शिवाय पिनॉपोलिस येथे बोटी वरखाली नेण्यासाठी दरवाजांचा जो उंच हौद बांधला आहे, त्यातूनही माशांस वर येण्यास वाट होती. समुद्राची वाट तुटलेला मासा गोड्या पाण्यात फार दिवस टिकणार नाही, अशी साधारण समजूत होती. ती खोटी ठरली. ह्या माशांची प्रजा त्या सरोवरांत वाढतच गेली, आणि १९५० नंतरच्या काही वर्षांत ते तेथे अंडी घालून आपला वंश चालवीत आहेत हे अभ्यासकांनी नक्की केले.

हे कसे शक्य झाले? पट्टेरी बासची मादी लाखांनी अंडी सोडते, परंतु ती अंडी तरंगतही नाहीत आणि धड बुडतही नाहीत. वाहत्या पाण्याने त्यांना सुमारे ४८ तास अधांतरी झुलवत ठेवावे लागते. तेवढ्यात पिल्लू बाहेर पडते. पाणी थबकले की अंडे तळाच्या गाळात बसते आणि गुदमरून मरते. मॅरियन सरोवरास मिळणाऱ्या काँगरी व वॉटरी ह्या नद्यांच्या बाजूस पुरेशी लांब आणि मोकळी धार शिल्लक होती. समुद्र गेला, पण नदी उरली, म्हणून मासा तगला. बहुतेक सरोवरांच्या नशिबी अशी नदी नसते. तेथे हा मासा पाहिजे असेल तर दर वर्षी पिल्ले आणून सोडावी लागतात. त्यासाठी माद्यांना संप्रेरकाची सुई टोचून हौदात अंडी मिळविण्याची युक्ती आर. ई. स्टीव्हन्स ह्या संशोधकाने १९६० नंतरच्या दशकात मंक्स कॉर्नर येथील मत्स्यबीज केंद्रात सिद्ध केली. हे गाव मोल्ट्री सरोवराच्या अगदी लगत आहे. ह्या युक्तीमुळेच पट्टेरी बास पुढे अमेरिकेतील कितीतरी सरोवरांत जाऊन पोहोचला. गोड्या पाण्यात तो किती वाढतो म्हणाल, तर २०१३ साली अलाबामा राज्यातील एका नदीत गळाला लागलेला मासा ७० पौंडांच्या जवळपास भरला.

क्रॅपीचा थाट इतका मोठा नाही. तळहाताएवढा, फार तर दोन तळहातांएवढा, चपटा, चांदीवर काळे ठिपके पडल्यासारखा. साधारण मासा पौंडाच्या आत-बाहेर. १९५७ साली मिसिसिपीतील एनिड धरणावर पाच पौंड तीन औंसांचा सापडला, तो पांढऱ्या क्रॅपीतील अग्रेसर मानला जातो. पांढरा आणि काळा अशा ह्याच्या दोन जाती. रंगावरून ओळखू गेल्यास हमखास फसगत होते. पाठीच्या पराचे काटे मोजावेत. पाच-सहा असले तर पांढरा, सात-आठ असले तर काळा. ह्याचे घर बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत. अंडी घालण्यास नदीची जरुरी नाही. उथळ पाण्यात तळावर लहानसा खळगा करून नर त्यावर पहारा देत बसतो. लुइझियानातील फ्रेंच भाषिक लोक ह्यास ‘दुधाची पिशवी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. मांस पांढरेशुभ्र व कोवळे असते. तिकडे ते मक्याच्या पिठात घोळून तळतात. आपल्या रव्यातल्या तुकडीचे हे सख्खे भावंडच म्हणावयाचे.

आता हिवाळ्याकडे वळू. उन्हाळ्यात खोल सरोवराचे पाणी थरांत विभागते. वर तापलेले हलके पाणी, खाली थंड व जड पाणी, आणि मधल्या सीमेवरून दोहोंची सरमिसळ नाही. वरच्या थरास वाऱ्याचा स्पर्श असतो, म्हणून त्यात प्राणवायू असतो. खालच्या थरातील प्राणवायू तळाशी कुजणारा पालापाचोळा खाऊन टाकतो. मोठ्या पट्टेरी बासला सुमारे २५ अंश सेंटिग्रेडपेक्षा उष्ण पाणी मानवत नाही. म्हणजे वर जावे तर उष्मा, खाली जावे तर घुसमट. मधल्या अरुंद पट्टीत हे दांडगे मासे दाटीवाटीने दिवस काढतात व रोडावतात. सँटी-कूपरची सरोवरे मानाने उथळ, तेथे थर पक्के बसत नाहीत. पण म्हणून सुख नाही, कारण पाणी वरपासून खालपर्यंत तापते.

शरद ऋतूत वरचे पाणी निवते, जड होऊन खाली बसू लागते, आणि वारा साऱ्या सरोवरास ढवळून एकजीव करतो. शिवाय थंड पाण्यात वायू अधिक विरघळतो. ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो, तर १० अंशांच्या पाण्यात तो ११ मिलिग्रॅमांवर जातो. उन्हाळ्यात कोंडून पडलेल्या माशास हिवाळ्यात सारे सरोवर मोकळे होते. पाणी चार अंशांना सर्वांत जड असते व त्याखाली निवू लागले की पुन्हा हलके होते, म्हणून उत्तरेकडील सरोवरे वरून गोठतात. दक्षिण कॅरोलायनात तेवढी थंडी पडत नाही आणि नावा बाराही महिने चालतात.

मासा मोकळा झाला, पण थंड रक्ताचा प्राणी असल्याने त्याची चयापचयाची गतीही मंदावली. पाणी दहा अंशांनी निवले की त्याच्या शरीराचे व्यापार निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतात. भूक थोडी, पचन सावकाश, आणि सुटलेल्या भक्ष्यामागे धावण्याचा उत्साह तर नाहीच. मग तो खातो काय? येथे शॅड नावाचे लहान मासे पुढे येतात. हे हिलशाच्याच नात्यातले. त्यांपैकी थ्रेडफिन शॅड ही जात फार नाजूक. पाणी सात अंशांच्या खाली गेले की ती बधिर होते, आणि थंडीची लाट लांबली तर थव्यांनी मरते. गिरक्या घेत हळूहळू तळाकडे जाणारा अर्धमेला शॅड म्हणजे पट्टेरी बासला ताटात वाढलेले जेवण. हिवाळ्यातील गळाची सारी कला ह्या एका दृश्याची नक्कल करण्यात आहे. शौकीन मंडळी शिसे भरलेला चमच्यासारखा चकचकीत पत्रा नावेखाली सरळ सोडतात, दोन हात वर खेचतात आणि डळमळत खाली पडू देतात. झडप बहुधा तो पडत असतानाच येते.

एवढ्या विस्तीर्ण पाण्यात मासा शोधावा कसा? हल्ली नावेवर ध्वनिलहरींनी तळ दाखविणारी यंत्रे असतात, पण जुने जाणकार अजूनही आधी आकाशाकडे पाहतात. पट्टेरी बासची टोळी शॅडना खालून रेटीत वर आणते आणि कुरव पक्षी वरून तुटून पडतात. कुरवांचा कल्लोळ दिसला की नाव तिकडे वळवावयाची, मात्र यंत्र दुरूनच बंद करून. आवाज झाला की टोळी खोल जाते.

क्रॅपीसाठी ह्याच्या अगदी उलट शांतपणा पाहिजे. बुडालेल्या झाडाच्या शेंड्याशी नाव स्थिर करावी, बोटाच्या पेराएवढे आमिष सोडावे व हात हलवू नये. ह्या माशाची नजर वरच्या बाजूस असते. तो आमिषाखालून वर येऊन ते टिपतो, खाली सहसा जात नाही. म्हणून आमिष त्याच्या डोक्यावर दोन वितींवर ठेवावे. आणि गळ लागल्याची खूण? ओढ बसत नाही, उलट ताणलेला दोरा अचानक सैल पडतो, कारण आमिष तोंडात घेऊन मासा वर आलेला असतो. नवशिक्यास हे पहिल्या दिवशी कळणे कठीण. त्याचा ओठ कागदासारखा पातळ असल्याने जोराचा हिसका दिला की तो फाटतो व मासा निसटतो.

पट्टेरी बास क्रॅपीस खाऊन संपवितो, ही क्रॅपीवाल्यांची जुनी तक्रार आहे. ज्या ज्या सरोवरांत बासची पोटे चिरून पाहिली, तेथे बहुतेक शॅड व हेरिंगच निघाले. तरीही भांडण मिटलेले नाही, व मिटेल असे आम्हांस वाटत नाही.

हिवाळी गळाच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा मात्र अन्नाचा किंवा मौजेचा नाही. लहान मासा गळाला लागला तर तो परत सोडावा असा नियम असतो. परंतु उन्हाळ्याच्या तापल्या पाण्यात झुंज देऊन थकलेला पट्टेरी बास सोडला, तरी बहुधा वाचत नाही. तो पोहत गेलेला दिसतो आणि नंतर मरतो. म्हणून दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळाने २००८ साली सँटीच्या पाण्यांत उन्हाळ्याच्या महिन्यांत हा मासा ठेवण्यासच बंदी घातली. थंड पाण्यात मात्र सोडलेला मासा बहुधा जगतो. ह्यासही अपवाद आहे. फार खोलातून ओढलेल्या क्रॅपीच्या पोटातील हवेची पिशवी फुगते आणि त्यास परत खाली जाता येत नाही. तेव्हा पुरेसे मासे मिळाल्यावर केवळ गंमत म्हणून खोलवर गळ टाकीत राहणे आम्हांस तरी योग्य वाटत नाही. नियम हलके घेतल्याचा परिणाम किनाऱ्यावर दिसून चुकला आहे. अटलांटिकमधील पट्टेरी बास बेसुमार मासेमारीने इतका घटला की मेरीलँड राज्याला १९८५ साली तो धरणे पूर्ण बंद करावे लागले, व ते १९९० साली पुन्हा सुरू झाले.

धोका माणसासही आहे. थंड पाण्यात पडताच पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही व पाणी नाकातोंडात जाते. पुढे काही मिनिटांतच हातापायांतील बळ ओसरते. मग पट्टीचा पोहणाराही पट्टीचा राहत नाही. तरंगते जाकीट अंगावर असावे लागते, ते नावेच्या कोपऱ्यात ठेवून उपयोग नाही.

फेब्रुवारी सरत आला की दिवस मोठा होतो, पाणी दोन-चार अंशांनी चढते आणि टोळ्या फुटू लागतात. क्रॅपी झाडांचे खोल शेंडे सोडून काठाच्या उथळ पाण्याकडे सरकतात. पट्टेरी बास मॅरियन सरोवराच्या वरच्या टोकाशी जमतात, आणि एप्रिलच्या सुमारास काँगरीच्या धारेत शिरून अंडी सोडावयास वर चढतात.