फिरऔन हे नाव नव्हे, पदवी आहे

आशूराचा रोजा जवळ आला की घराघरांत हजरत मूसा (अलैहिस्सलाम) आणि फिरऔन यांचा किस्सा निघतो. सोबत मोबाईलवर एका ममीचा फोटोही फिरू लागतो, ‘हाच तो फिरऔन, समुद्रात सापडला.’ मग मुलं विचारतात, त्याचं नाव काय होतं?

तर फिरऔन हे कुणा एकाचे नाव नाही. प्राचीन मिसरच्या भाषेत ‘पेर-आ’ म्हणजे मोठे घर, राजवाडा. आपल्याकडे ‘वाड्यावरून निरोप आला’ म्हणजे मालकाचाच निरोप असायचा, तसेच तिथे झाले. इसवी सनापूर्वी सुमारे 1450 च्या आसपास हा शब्द खुद्द राजासाठी वापरला जाऊ लागला. कुरआनमध्ये हजरत यूसुफ (अलै.) यांच्या काळातील राजाला ‘मलिक’ म्हटले आहे, तर हजरत मूसा (अलै.) यांच्या काळातील राजाला ‘फिरऔन’. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मिसरच्या राजाला एक नव्हे, पाच नावे असत. त्यांपैकी जन्माचे आणि गादीवर बसतानाचे अशी दोन नावे लांबट गोल चौकटीत कोरत. रामसेस दुसरा याचे जन्मनाव ‘रामसेस’, म्हणजे ‘रा ने जन्म दिलेला’. ‘रा’ म्हणजे त्यांचा सूर्यदेव. जिवंत राजा हा होरस देवाचे रूप आणि मेल्यावर ओसायरिस, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणजे राजाला देव मानणे हा त्या राज्याचा पायाच होता. फिरऔनने स्वतःला सर्वांत मोठा रब म्हणवल्याचे सूरह नाझिआतमध्ये येते, ते या पार्श्वभूमीवर नीट समजते.

नाव टिकले तर माणूस मेल्यानंतरही टिकतो, असेही ते मानत. म्हणून शत्रूचे नाव छिन्नीने खोडत. अखेनातेन या राजाने अमून देवाचे नाव ठिकठिकाणी खोडले आणि पुढच्या राजांनी त्याचेच नाव पुसले.

आता त्या फोटोकडे वळू. रामसेस दुसरा याने 66 वर्षे राज्य केले. अनेक राण्या, शंभराच्या आसपास मुले. थोरले मुलगे त्याच्या आधीच वारल्यामुळे तेरावा मुलगा मर्नेप्ताह गादीवर आला. रामसेसची ममी 1881 मध्ये लक्सरजवळच्या देर अल-बहरी येथे उघडकीस आली, मर्नेप्ताहची 1898 मध्ये ‘राजांच्या खोऱ्यात’. दोन्ही डोंगरातल्या कबरींत सापडल्या, समुद्रात नाही.

मग मूसा (अलै.) यांच्या काळातला फिरऔन यांपैकी कोण? काही अभ्यासक रामसेस म्हणतात, काही मर्नेप्ताह. जुन्या तफसीरकारांनी ‘वलीद बिन मुसअब’ असेही नाव दिले आहे. त्याचे शरीर निशाणी म्हणून वाचवले जाईल, हे सूरह यूनुसमध्ये (आयत 92) आहे आणि त्यावर आपला ईमान आहे. पण कुठल्या ममीचे नाव कुरआनने घेतलेले नाही. खात्री नसलेला फोटो पुढे पाठवून दीनची खिदमत होत नाही. उलट उद्या तो खोटा ठरला तर मुलांच्या मनात शंका येते.

नावासाठी दगड कोरणाऱ्या त्या राजाचा उल्लेख कुरआनमध्ये सत्तरहून अधिक वेळा आला, पण त्याचे स्वतःचे नाव एकदाही नाही. त्याच्याच महालातल्या बीबीला मात्र सूरह तहरीममध्ये सगळ्या ईमानवाल्यांसाठी मिसाल ठरवले आहे. हदीसमुळे तिचे नाव आपल्याला माहीत आहे, हजरत आसिया. आपल्या मुलींची नावे आजही तिच्यावरून ठेवली जातात. मुलांनी पुन्हा नाव विचारले तर हेही सांगा.